घरातली प्रार्थना : एका धर्मग्रामातील प्रकल्प नोंदी (जून ते डिसेंबर २०२५)

१५ जून २०२५, रविवार

आज पवित्र त्रैक्याचा सण होता आणि सकाळच्या मिस्साबलिदानानंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) धर्मशिक्षणाचे नवे वर्ष सुरू झाले. यंदा माझ्याकडे प्रथम कम्युनियनची, म्हणजे प्रभूचे शरीर म्हणून भाकर पहिल्यांदा स्वीकारण्याच्या संस्काराची तुकडी आहे. मुले २६ आहेत, बहुतेक तिसरी-चौथीतली. दरवर्षीप्रमाणे मी त्यांना प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितली आणि सर्वांनी ती एका दमात, कोठेही न अडखळता म्हटली. मग मी एकेक ओळ घेऊन अर्थ विचारू लागले. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" या ओळीवर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्याकडे रोज भात असतो, मग आपण भाकर का मागतो?" दुसऱ्या एका मुलाने 'अपराध' म्हणजे पोलीस पकडतात ते, असे उत्तर दिले. कोणीही हसले नाही, कारण इतरांनाही त्याहून वेगळे काही ठाऊक नव्हते.

मी त्या मुलीला सांगितले की प्रभू येशूच्या देशात गव्हाची आणि जवाची भाकर हेच रोजचे जेवण होते, म्हणून 'भाकर' म्हणताना आपण आपल्या ताटातला भातच मागत असतो. तिचे समाधान झाले, माझे झाले नाही. ही प्रार्थना ती तिच्या बाप्तिस्म्यापासून ऐकत आली आहे. तिच्या घरात हा प्रश्न विचारावा असा एकही क्षण इतक्या वर्षांत कसा आला नाही, हे मला दिवसभर छळत राहिले.

संध्याकाळी फादरांशी बोलणे झाले. आठवड्यातून एक तास आम्ही मुलांना शिकवतो आणि उरलेले सगळे तास घराचे असतात. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला 'घरातील ख्रिस्तसभा', म्हणजे घरातले चर्च म्हटले आणि आपल्या शब्दाने व उदाहरणाने मुलांना श्रद्धा सांगणारे पहिले प्रचारक आईवडीलच होत, असे स्पष्ट केले. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ७७४ वे कलमही हीच जबाबदारी सर्वांआधी आईवडिलांवर टाकते. आमच्या व्यवहारात मात्र आईवडील मुलाला फाटकाशी सोडतात आणि तासाभराने घ्यायला येतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आम्हीच त्यांना फाटकाच्या आत कधी बोलावले नाही. म्हणून यंदा मुलांच्या तासाइतकीच मेहनत घरांवर घ्यायची असे ठरले आहे, आणि त्या कामाची ही नोंदवही.

२२ जून २०२५, रविवार

पालकांची पहिली सभा झाली. आया जवळजवळ सगळ्या आल्या, वडील चारच होते. हे नवे नाही. वसईच्या या पट्ट्यात आजोबांच्या पिढीपर्यंत पुरुष दिवसभर वाडीत असत, केळीला आणि पानवेलीला पाणी देऊन तिन्हीसांजेला घरी येत आणि जपमाळ सुरू होई. आता बाप सकाळी विरार लोकल पकडून मुंबईला जातो आणि रात्री साडेनऊला घरी पोचतो, तोवर मूल झोपलेले असते. संध्याकाळी सातच्या प्रार्थनेचा आग्रह धरायचा, तर त्या घरातून बाप कायमचा वजा होतो, ही गोष्ट मी आजवर लक्षातच घेतली नव्हती.

एका आईने विचारले की आठ-नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम कम्युनियनच्या संस्कारातले कळते तरी किती, थोडे मोठे झाल्यावर दिले तर काय बिघडेल. प्रश्न प्रामाणिक होता. मी तिला सांगितले की पूर्वी असेच मानले जाई आणि मुलांना दहा-बारा वर्षे, कोठे कोठे त्याहूनही अधिक थांबावे लागे. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ही अट काढली आणि साधारण सातव्या वर्षी, साधी भाकर आणि प्रभूचे शरीर यांतला भेद मुलाला कळू लागला की ते पात्र ठरते, असे घोषित केले. सगळे समजल्यावरच घ्यायचे ठरवले, तर आपल्यापैकी कोण वेदीजवळ जाऊ शकेल?

सभा संपताना एक वडील थांबले. ते म्हणाले, "टीचर, आम्हीच नीट शिकलो नाही, आम्ही पोरांना काय शिकवणार?" मला वाटते, या प्रकल्पाचा सगळा विषय त्या एका वाक्यात आहे.

२९ जून २०२५, रविवार

जोरदार पाऊस. आळीत पाणी भरले होते, त्यामुळे ११ मुले आली. संत पेत्र आणि संत पौल यांचा सण असूनही फारसे काही शिकवता आले नाही.

६ जुलै २०२५, रविवार

प्रत्येक कुटुंबाला एक वही दिली. वहीची रचना मुद्दाम सोपी ठेवली आहे. डाव्या पानावर त्या रविवारच्या शुभवर्तमानातले (बायबलमधील येशूच्या कथेतले) एकच वाक्य मी लिहून देणार आणि उजवे पान घराचे असणार. त्यावर मूल, आई, आजी, ज्याला जे सुचेल ते त्याने लिहावे किंवा काढावे. वेळ प्रत्येक घराने आपापली ठरवावी. ज्या घरी वडील उशिरा येतात त्यांनी सकाळी शाळेची बस येण्यापूर्वी दोन मिनिटे काढावीत, आणि तेही जमत नसेल तर मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण करून त्याला निरोप द्यावा, एवढेच सांगितले. ही खूण नवी नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मगुरूंनंतर आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी बाळाच्या कपाळावर हीच खूण केलेली असते.

याखेरीज चर्चच्या पडवीत मी एक तक्ता लावला आहे. ज्या घरात आठवडाभर प्रार्थना होईल, त्या मुलाच्या नावापुढे सोनेरी चांदणी.

१३ जुलै २०२५, रविवार

आजचे शुभवर्तमान यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचे होते. मुलांना नाट्य बसवायला सांगितले, तेव्हा त्यांनी यरीहोची वाट थेट वसई स्टेशनवर आणली. एक मुलगा पुलाच्या पायऱ्यांशी पडला आणि बाकीचे "गाडी सुटेल" म्हणत त्याला ओलांडून गेले. शोमरोनी कोण होणार यावर बराच वाद झाला, कारण सगळ्यांना तोच व्हायचे होते. नाट्याचे संवाद मी मराठीत लिहून दिले होते, पण गर्दीच्या गडबडीत मुले आपसूक घरच्या सामवेदी बोलीत बोलू लागली आणि नाट्यात जीव आला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२० जुलै २०२५, रविवार

आज तक्ता काढून टाकला. ही चूक माझी होती आणि ती सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक आहे.

मिस्सानंतर एक आई मला बाजूला घेऊन बोलली. तिचे यजमान गेले वर्षभर अंथरुणाला खिळलेले आहेत, सासूही वयस्कर आहे आणि ती स्वतः पहाटे फुले तोडून दादरच्या बाजारात नेते. तिच्या मुलाच्या नावापुढे दोन्ही आठवडे चांदणी नव्हती. शनिवारी रात्री तो मुलगा तिला म्हणाला, "आई, आपण खोटे सांगू या." ती हे सांगताना रागावली नव्हती, उलट आपल्याकडून काही कमी पडले अशा स्वरात बोलत होती, आणि त्यामुळेच मला अधिक लाज वाटली. मी त्या मुलाला प्रार्थना शिकवायला निघाले होते आणि दोन आठवड्यांत त्याला खोटे बोलण्याच्या उंबरठ्यावर आणून उभे केले.

तिला मी विचारले की पहाटे निघताना ती काय करते. ती म्हणाली, झोपलेल्या मुलाच्या कपाळावर खूण करते आणि "नमो मरिये" म्हणत वाडीत जाते, देठ खुडता खुडता माळेची पाच दशके (दहा-दहा प्रार्थनांचे गट) होतात. म्हणजे या तुकडीतल्या कितीतरी घरांपेक्षा त्या घरात अधिक प्रार्थना होत होती आणि माझ्या तक्त्यावर त्या घरापुढे रिकामी चौकट होती. तक्ता मी तिच्यासमोरच उतरवला. पुढच्या तासाला मुलांची क्षमा मागायची आहे.

२७ जुलै २०२५, रविवार

लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातले वाचन आज होते. शिष्य येशूला म्हणतात, "प्रभू, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा." प्रथम मी तक्त्याबद्दल मुलांची क्षमा मागितली. मग "आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" ही ओळ घेतली. या वेळी अपराधाचा अर्थ समजावण्यासाठी पोलिसांची गरज पडली नाही.

या प्रार्थनेत सात मागण्या आहेत, पहिल्या तीन देवाच्या नावासाठी, राज्यासाठी आणि इच्छेसाठी, आणि नंतरच्या चार आपल्यासाठी. आम्ही दर आठवड्याला एकच मागणी घेऊन सात आठवडे हीच प्रार्थना शिकणार आहोत. अभ्यासक्रम मागे पडेल, पण एका दमात म्हणण्याची सवय मोडायची असेल तर दुसरा उपाय नाही.

वह्या तपासताना एक अडचण समोर आली. निम्म्याहून अधिक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात आणि त्यांना देवनागरी वाचताना कष्ट पडतात. मी डाव्या पानावर लिहिलेले वाक्य एका मुलीने उजव्या पानावर रोमन अक्षरांत, पण मराठीतच, उतरवून घेतले होते. "आजी सांगते, मी लिहिते," असे ती म्हणाली. मला ते आवडले नाही. पुढच्या वेळी देवनागरीतच लिही, असे मी तिला सांगितले.

३ ऑगस्ट २०२५, रविवार

आठवडाभर त्या वहीचा विचार मनातून गेला नाही. काही पालकांचे म्हणणे आहे की धर्मशिक्षण इंग्रजीत घ्यावे, म्हणजे हा त्रासच उरणार नाही. माझा त्याला विरोध आहे, आणि तो भाषेच्या अभिमानापोटी नाही. मूल आजारी पडते, रात्री घाबरून उठते, आजोबांच्या अंत्यविधीला उभे राहते, तेव्हा त्याच्या ओठांवर घरातलीच भाषा येते. प्रार्थना त्या भाषेत नसेल, तर अशा वेळी ती त्याच्या हाताशी नसेल.

पण लिपीच्या बाबतीत मात्र मी चुकले. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ मध्ये गोव्याला आलेले इंग्रज जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू). नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपल्या भाषेत, आपल्या ओवीत तारणाची कथा ऐकता यावी म्हणून त्यांनी ख्रिस्तपुराण रचले. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत शिकतो. तो ग्रंथ १६१६ मध्ये छापला गेला तो रोमन अक्षरांत, कारण तेव्हा देवनागरीचे खिळेच तेथे नव्हते. लिपी परकी असूनही ओवी मराठीच राहिली आणि देवळांतून ती लोकांच्या कानांवर पडत राहिली. चारशे वर्षांपूर्वी जे चालले, ते एका नऊ वर्षांच्या मुलीच्या वहीत चालू नये असे म्हणणारी मी कोण? आज तिला बोलावून सांगितले की आजी जे सांगेल ते तिला येईल त्या अक्षरांत लिहावे. आजीने मात्र दर आठवड्याला तिला देवनागरीतला एक शब्द वाचायला शिकवावा, अशी अट घातली आहे. आजींना ही अट फार आवडल्याचे कळले.

१७ ऑगस्ट २०२५, रविवार

दुपारी घरभेटी. एका घरी आई कॅथलिक आणि वडील हिंदू आहेत. विवाहाच्या वेळी मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन आईने दिलेले आहे आणि त्याची कल्पना वडिलांना तेव्हापासूनच आहे. तरीही वही सुरू झाल्यापासून ते संध्याकाळी बाहेर ओटीवर जाऊन बसत, असे आईने सांगितले. मी त्यांना कारण विचारले, तेव्हा ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "मी मध्ये असलो तर तुमच्या प्रार्थनेत अडथळा नको." त्यांना वाटत होते की आम्हीच त्यांना बाहेर ठेवू इच्छितो. मी म्हटले, "दादा, तुम्ही आत बसलात तर आम्हांला आनंदच आहे. तुम्हांला जे म्हणता येत नाही ते म्हणू नका, पण मुलाला तुमच्या मांडीवर बसून प्रार्थना करू द्या." ते आत आले. मुलाने वाक्य वाचले, आईने प्रार्थना म्हटली आणि शेवटी वडिलांनी उठून क्रुसापुढची मेणबत्ती विझू नये म्हणून खिडकी लावून घेतली.

७ सप्टेंबर २०२५, रविवार

आज रोममध्ये पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अक्युटिस यांना संतपद दिले. हा सोहळा २७ एप्रिलला व्हायचा होता, परंतु २१ एप्रिलला पोप फ्रान्सिस यांचे निधन झाल्याने तो पुढे गेला होता. मुलांना या संताची जवळीक वाटते, कारण तो संगणक चालवणारा, फुटबॉल खेळणारा मुलगा होता आणि २००६ मध्ये पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. मी मुलांना त्याच्या संगणकापेक्षा त्याच्या घराविषयी अधिक सांगितले. त्याचे आईवडील फारसे चर्चला जाणारे नव्हते आणि आईच्या सांगण्याप्रमाणे तिला श्रद्धेकडे परत आणले ते या मुलाच्या प्रश्नांनी. जूनमध्ये "आम्ही काय शिकवणार" म्हणणारे वडील आज मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

उद्या पवित्र मरियेचा जन्मदिन. मुलांनी घरच्या वाडीतली फुले आणायची आहेत, विकतची नकोत असे बजावले आहे.

९ ऑक्टोबर २०२५, गुरुवार

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, म्हणून रोज संध्याकाळी एका घरी माळ चालू आहे. आजच्या घरी आजींनी माळ धरली आणि सवयीने आनंदाची रहस्ये (माळ म्हणताना मनन करायचे येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग) सुरू केली, कारण त्यांच्या लहानपणी गुरुवारी तीच म्हणत. त्यांची नात म्हणाली, "आजी, गुरुवारी प्रकाशाची." आजींनी चष्म्यावरून पाहिले. "बाय, ही कुठली? आमच्या वेळी पंधराच रहस्ये होती." पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये प्रकाशाची पाच रहस्ये जोडली हे त्यांनी ऐकले होते, पण ती पाठ करायचे राहून गेले होते. मग नातीने सांगायचे आणि आजींनी म्हणायचे असे ठरले. यार्देन नदीतला बाप्तिस्मा, काना येथील लग्न, देवराज्याची घोषणा, रूपांतर आणि पवित्र युखरिस्ताची (प्रभुभोजनाची) स्थापना. तिसऱ्या रहस्यावर नात अडली, तेव्हा कोपऱ्यातून तिच्या आईने शब्द पुरवला. तीन पिढ्या एकमेकींना हात देत माळ पूर्ण करत होत्या. मी त्या घरी शिकवायला गेले होते, प्रत्यक्षात दाराशी बसून ऐकत राहिले.

वडील दशकांच्या मध्येच घरी आले. बॅग न ठेवता ते तसेच गुडघ्यांवर बसले.

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

सर्व मृतांचा स्मरणदिन यंदा रविवारी आला. मुलांनी आपापल्या पणजोबा-पणजींची नावे घरून विचारून आणली आणि दफनभूमीत ती मोठ्याने वाचली. सहा मुलांना घरी कोणी सांगू शकले नाही. त्यांच्यासाठी आम्ही धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहणार आहोत.

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रायश्चित्त संस्काराची, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापे कबूल करण्याच्या कन्फेशनची तयारी सुरू झाली. मुलांना या संस्काराची जी भीती वाटते ती पापाची नसते, उघडे पडण्याची असते. आज तीन मुलांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच प्रश्न विचारला : फादर आमच्या घरी सांगतील का? फादर स्वतः वर्गात आले. कन्फेशनमध्ये ऐकलेले कोणत्याही कारणाने, कोणालाही, जिवावर बेतले तरी सांगता येत नाही, आणि जो धर्मगुरू ते उघड करील त्याला ख्रिस्तसभा सर्वांत कठोर शिक्षा देते, हे त्यांनी मुलांना समजावले. एका मुलाने खात्रीसाठी विचारले, "बिशपांनी विचारले तरी?" "बिशपांनी विचारले तरी," फादर म्हणाले. वर्गात सुटकेचा निःश्वास ऐकू आला.

नंतर पालकांशी बोलताना मी एक गोष्ट आग्रहाने सांगितली. मूल बाहेर आल्यावर "काय सांगितलेस?" असे लाडाने, गमतीनेसुद्धा विचारू नये. धर्मगुरूंनी राखलेले मौन आपण घराच्या ओटीवर मोडले, तर ते मूल पुन्हा तितक्या मोकळेपणाने जाणार नाही. एका आईने मान्य केले की थोरल्या मुलीला तिने असेच विचारले होते. त्याहून चांगले हे की आईवडिलांनी त्याच दिवशी मुलाच्या आधी स्वतः रांगेत उभे राहावे. अनेक मोठी माणसे वर्षानुवर्षे गेलेली नाहीत, हे ठाऊक असूनच मी ते बोलले.

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

आगमनकाळ (नाताळच्या तयारीचा काळ) सुरू झाला आणि उपासनेचे नवे वर्षही, या वर्षी मत्तयचे शुभवर्तमान. घराघरांत आगमनचक्र करायला सांगितले होते. बाजारातल्या प्लास्टिकच्या हिरव्या वेलीऐवजी बहुतेकांनी वाडीतलीच पाने वापरली. एका घरी केळीच्या सोपाचे कडे आणि त्यावर तुळशीची डहाळी होती. तीन जांभळ्या मेणबत्त्या मिळाल्या, गुलाबी मिळेना, म्हणून पांढरीला गुलाबी कागद गुंडाळला होता. कागद पेट घेईल म्हणून तो तेवढा काढायला लावला.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

मुलांचे पहिले कन्फेशन काल झाले. रांगेत मुलांच्या पुढे अकरा आया आणि पाच वडील उभे होते.

२८ डिसेंबर २०२५, रविवार

पवित्र कुटुंबाचा सण. शुभवर्तमानात योसेफ रात्री उठतो, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन इजिप्तला निघतो. फादर प्रवचनात म्हणाले की चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही, तो उठतो आणि करतो. मागच्या बाकांवरच्या पुरुषांना हे ऐकताना मी पाहिले. आजच्या पालकसभेला नऊ वडील होते.

वह्या परत आल्या. २६ पैकी २१. काही पानांवर वरणाचे डाग आहेत, एकीत केवळ चित्रे, एकीत ऑगस्टनंतर काही नाही. फुलांच्या बाजारात जाणाऱ्या आईच्या मुलाची वही मी शेवटी उघडली. उजवी पाने बहुतेक कोरी होती. डिसेंबरच्या पानावर मात्र त्याने पेन्सिलीने अंथरुणावर झोपलेले वडील काढले होते आणि त्यांच्या कपाळाशी एक छोटा हात. खाली लिहिले होते, "आता मी बाबांना खूण करतो." वही त्याला परत द्यायची आहे. एप्रिलमध्ये प्रथम कम्युनियन आहे आणि त्या दिवशी त्याच्या वडिलांसाठी फादरांनी ख्रिस्तशरीर घरी न्यावे, हे उद्या त्यांच्याशी बोलून ठरवायचे आहे.